आईचा आकडा

दि. ६, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. इकडचं सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; पुढचं वाचून काय ते तूच ठरव.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. घरातला एकुलता फोन आईच्या उशाशी असतो आणि खुब्याचं हाड मोडलं तरी आपल्या आईचे कान शाबूत आहेत. वॉर्डच्या टेबलावरून बोलावं तर दर वाक्याला कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर बसून लिहिते आहे. इथे पंखा नाही, पण शोधायलाही कुणी येत नाही.

तर आई. तू ऑपरेशनला आलीस आणि शाळा उघडली म्हणून परत गेलीस, त्यानंतर ताप नाही, टाके कोरडे आहेत, वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते. दुखणं दोन. आमच्याकडे प्रत्येक पेशंटला रोज विचारावं लागतं, काहीच दुखत नसेल तर शून्य आणि अगदी सहन होत नसेल तर दहा, मग तुमचं किती? आई रोज दोन सांगते, तेही असं की जणू मी उगाच चौकशी करते आहे. घरच्या माणसाला आपण सुई टोचायची नाही, ड्रेसिंग करायचं नाही, असा आमच्या वॉर्डचा रिवाज आहे. हात कापतो म्हणतात. पण इनचार्ज म्हणून सकाळी सगळ्यांना आकडा मीच विचारते आणि डॉक्टरांना सांगते. दोन आहे म्हटल्यावर त्यांनी दुखण्याची सुई थांबवून साध्या गोळीवर आणलं. म्हणजे प्रगती आहे. काळजी करू नकोस.

आईचं बाकी सगळं चिमणी बघते. चिमणी म्हणजे आमच्याकडे नवीन लागलेली नर्स. सारखी चिवचिवत असते म्हणून वॉर्डच्या मावश्यांनी नाव ठेवलं आणि तिनेही ते आनंदाने घेतलं. आम्ही तिघी मिळून सगळ्या खाटा सांभाळतो. एक सिस्टर नोकरी सोडून भावाच्या दुकानात बसायला लागली, तिची जागा अजून भरलेली नाही. माझे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात, मोज्याची खूण सकाळपर्यंत जात नाही. आणि ही मुलगी ड्युटी संपताना गुणगुणत केस विंचरते.

आईला ती फार आवडते. आवडू दे, माझं काही म्हणणं नाही. काल मी आईची उशी सारखी करत होते तर म्हणाली, "राहू दे गं, चिमणी आली की करेल. तिचा हात हलका आहे."

इतकी वर्षं मी लोकांच्या उशा सारख्या करते आहे. हाताच्या हलकेपणाचं कौतुक म्हणून परक्या बायकांनी मला रुमाल भरून दिलेत. पण पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि ही तर अखंड बोलते. जाऊ दे. नव्याचे नऊ दिवस.

एक मात्र सांगून ठेवते. चिमणी दुपारी आईचं दुखणं आठ लिहिते. सकाळी मी दोन लिहून गेले की दुपारी आठ. मी तिला टेबलाशी बोलावून म्हटलं, "सकाळचं दोन दुपारी आठ कसं होतं? पेशंटला लाडावून ठेवू नकोस." ती म्हणाली, "आजीच म्हणाल्या, सिस्टर." मी म्हटलं, माझी आई आहे, तिला मी जास्त ओळखते. ती गप्प बसली. गप्प बसल्यावर ती जरा बरी दिसते.

घंटा वाजली, सुट्टी संपली. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी


दि. १५, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझा परवाचा फोन मी आईच्या खाटेशी उभी राहून घेतला, म्हणून नुसतं हो हो केलं. तू म्हणालीस, "ती चिमणी आहे म्हणून तुला केवढा आधार." ताई, तुला मिरच्या झोंबवायच्या नसतील हे मला कळतं. पण झोंबल्या.

आई तुला फोनवर काय काय सांगते ते मी चादरी घालता घालता ऐकते. चिमणीने वेणी घातली, चिमणीने नखं कापली, चिमणीने खिडकीत आरसा असा लावला की पडल्या पडल्या रस्ता दिसतो. आरसा माझा होता. आणि मी? "ती काय, असते आपली कामात." घरात आम्ही दोघीच. तुझं लग्न झाल्यापासून तिचं पथ्य, तिचा चष्मा, तिची रुसवाफुगवी मी सांभाळली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, आमच्या आईने ते उलटं करून दाखवलं.

लहानपणीही हेच होतं. तिला काही सलत असलं की ती तुला माजघरात घेऊन जायची आणि दार लोटून घ्यायची. मी दाराबाहेर. 'तुला काय कळतंय' असं म्हणायची. आता कळायचंच शिक्षण घेतलं, त्याचीच नोकरी केली, तर दाराच्या आत चिमणी.

गेल्या आठवड्यात मेट्रन मॅडमनी आमच्यासाठी भाषण ठेवलं होतं. विषय, कामाचा ताण. वेळ, आमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. म्हणजे ज्यांना ताण होता त्यांनी झोप मोडून यावं आणि तो कसा घालवायचा ते ऐकावं. बाहेरून आलेल्या बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, दीर्घ श्वास घ्यायला लावला, दोघी जणी त्यातच झोपल्या. मग त्या म्हणाल्या, तुम्ही पेशंटला आकडा विचारता ना, आज तुमचा सांगा, बोटं वर करा. मी दोन बोटं वर केली. मेट्रन मॅडम समोर बसल्या होत्या, इनचार्जने आणखी किती करायची? चिमणीने नऊ केली आणि वर हसली. बाईंनी विचारलं, "एवढा ताण आणि तरी हसताय?" तर म्हणते, "मी चादरींच्या खोलीत जाऊन रडून येते ना. मग चहा पिते. मग आमच्या आजी वाट बघत असतात, त्यांना भेटलं की बरं वाटतं. मला हे काम आवडतं, मॅडम."

आमच्या आजी म्हणजे आपली आई.

ताई, खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याला काम आवडतं असं चारचौघांत मी शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवेना. आवडत होतं हे नक्की. कुठे सांडलं ते कळलं नाही. आणि ही कालची पोर माझ्या चादरींच्या खोलीत रडते, माझ्या आईला भेटून बरी होते आणि नऊ बोटं वर करून हसते.

दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की व्यायामाचे डॉक्टर तक्रार करतात, तू उठायला टाळाटाळ करतेस. आई म्हणाली, "आज नको." मी म्हटलं, "दुखणं दोन आहे ना? मग ऊठ. दोनवाल्या सगळ्या बायका दारापर्यंत जाऊन आल्या." ती उठली. पाऊल टाकताना तिचा चेहरा पांढरा पडला, पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. दुपारी चिमणीने पुन्हा आठ लिहिलं.

मग मी मेट्रन मॅडमकडे गेले. म्हटलं, मुलगी कामाला चांगली आहे पण कच्ची आहे, पेशंटच्या नादाने आकडे चढवून लिहिते, तिला अपघात विभागात पाठवा, तिथे घट्ट होईल. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर सगळे विश्वास ठेवतात. सोमवारपासून तिची बदली. आईच्या खाटेला दुसरी नर्स नाही, त्यामुळे रिवाज बाजूला ठेवून मलाच बघायची परवानगी मिळाली आहे.

हे मी तुला का लिहिते आहे ते मलाच ठाऊक नाही. वॉर्डच्या भल्यासाठी केलं, असं लिहिणार होते. लिहून खोडलं, खालचं दिसत असेल तर वाच.

आईला अजून सांगितलेलं नाही. तूही फोनवर बोलू नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २८, गुरुवार

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. एवढंच लिहिलंस, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं. आता पुढचं ऐक, आणि मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस.

ड्युटी बदलताना जाणारीने येणारीला प्रत्येक पेशंटचं सगळं सांगायचं असतं. कागदावर असतं ते तर सांगायचंच, पण कागदावर नसतं तेही. कोण गोळी जिभेखाली लपवतो, कुणाला मुलाचं नाव काढलं की रडू येतं. चिमणीचा आमच्या वॉर्डातला शेवटचा दिवस होता. तिने एकेका खाटेशी उभं राहून मला नीट सांगितलं. बदली कुणामुळे झाली ते तिला कळलं होतं का, माहीत नाही. चेहऱ्यावरून काही दिसलं नाही. आईची खाट आली तशी मला म्हणाली, "सिस्टर, जरा इकडे या," आणि हात धुवायच्या नळाशी घेऊन गेली. नळ सोडला, आईचे कान तिलाही ठाऊक आहेत.

म्हणाली, "आजींचं आठ आहे. तुम्ही विचारलंत तर दोन सांगतील. तुम्ही आकडा ऐकू नका, उजवा हात बघा. दुखायला लागलं की त्या चादर मुठीत धरतात आणि वरून रुमाल टाकतात."

मी म्हटलं, "मला दोन का सांगेल?"

"तुम्ही आलात की त्या आधी तुमचे पाय बघतात. मला म्हणाल्या, तिला आठ सांगितलं तर ती ड्युटी संपली तरी घरी जायची नाही, इथेच स्टुलावर बसून राहील. तिला जाऊन झोपू दे." मग नळ बंद करता करता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पण उद्यापासून मी नाही. मग सांगायला नको?"

आता तुला वाटेल, मी रडले असेन, तिचे हात धरले असतील. नाही. मला पहिल्यांदा राग आला. आईच्या मुठीचं, रुमालाचं, शपथेचं, सगळं हिला ठाऊक. माझ्या काळजीने आई काय बोलते तेही मला हिच्याकडून कळायचं. मी म्हटलं, "बरं. पुढची खाट." ती पुढच्या खाटेकडे गेली आणि मी तिच्या मागे. मग वॉर्डातून निघताना तिने आईच्या गालाला हात लावला. आईने तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गुणी पोर हो." मी थर्मामीटर झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "किती?"

"दोन."

उजव्या हातावर रुमाल होता. तू दिलेला निळ्या काठाचा. मी तो उचलला. खाली मूठ होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली, आणि मुठीत चादरीचा चोळामोळा. अशा किती मुठी मी आजवर उघडल्या असतील. आईच्या मुठीशी रोज उभी राहून मी आकडा लिहून पुढे जात होते, डॉक्टरांना दोन सांगत होते, तिची सुई थांबवत होते, आणि वर तिला दारापर्यंत चालवलं होतं.

"काय बघतेस?" आई म्हणाली.

ओरडावं की माफी मागावी? स्टूल ओढलं आणि बसले. बूट काढले. भर वॉर्डात इनचार्ज सिस्टर बूट काढून बसली, मावशी झाडता झाडता थांबली. मी म्हटलं, "माझं आज सात आहे."

"काय सात?"

"दुखणं."

"कुठे?"

"पायात. आणि पायात नाही तिथेही."

आईने माझ्या मोज्यांकडे पाहिलं. "कधीपासून?"

"पुष्कळ दिवस झाले."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस?"

तिने खिडकीतल्या आरशाकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं, आता ही दार लोटून घेणार. पण तशीच आरशाकडे बघत म्हणाली, "रात्री नऊ होतं. आता आठ आहे. पण एक सांगते, खरं सांगायचं तर अट आहे. तू इथे बसून राहायचं नाहीस. वेळ झाली की घरी जायचं."

मी हो म्हटलं. डॉक्टरांना गाठलं, माझी चूक झाली म्हणून सांगितलं, सुई पुन्हा सुरू झाली. आणि ड्युटी संपल्यावर मी खरोखर घरी गेले. ताई, तिला आठ असताना तिला तिथे ठेवून घरी जाणं, याच्याइतकं अवघड मी इतक्या वर्षांत काही केलेलं नाही. पण गेले नसते तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन ऐकायला मिळालं असतं.

मेट्रन मॅडमकडेही गेले. म्हटलं, चिमणीने आकडे बरोबर लिहिले होते, चुकत मी होते, तिला परत द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चिमणीला बोलावून घेतलं. मी तिच्यासमोर तेच पुन्हा सांगितलं. चिमणी म्हणाली, "असू दे, सिस्टर. पण मला तिकडे आवडायला लागलंय. राहू का थोडे दिवस?" म्हणजे बघ. मी जिथे तिला शिक्षा म्हणून पाठवलं, तिथेही तिला आवडतं. ही मुलगी उद्या बंद लिफ्टमध्ये अडकली तर तिथेही तिला आवडेल. मला तिचा अजून राग येतो, ताई. तिच्यासारखं कुणाहीसमोर नऊ बोटं वर करता यावीत असं फार वाटतं, आणि ती तिची आहेत, माझी नाहीत, याचा राग येतो. तो गेला असं खोटं लिहीत नाही.

काल आईला घरी सोडलं. गाडी मागच्या दाराशी येणार होती, पण आईने हट्ट धरला, अपघात विभागाकडून जाऊ, चिमणीला चालून दाखवायचं आहे. तो व्हरांडा केवढा लांब आहे ते तू पाहिलंस. आई पुढे वॉकर घेऊन, मी मागे तिची पिशवी, कागद आणि एक घडीची खुर्ची घेऊन. मध्ये दोनदा थांबलो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणाला, वा आजी, आणि आजी सगळ्यांना सांगत होत्या, चिमणीकडे चालले. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. मनात म्हटलं, माझ्या कुठल्या ड्युटीला ही एवढं चालून आली असती?

दाराशी पोचलो तेव्हा चिमणी एका लहान मुलाचा हात धरून उभी होती, डॉक्टर टाके घालत होते, मूल किंचाळत होतं, मुलाची आई भिंतीशी बसली होती. चिमणीच्या कपाळावर घाम, टोपी तिरकी. तिने मान वळवून आईला पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "आजी, किती?"

आई वॉकर सोडून ताठ उभी राहिली. "दोन," ती हसून म्हणाली. "दोनच गं बाळ. तू कर तुझं काम."

चिमणी खूश झाली, मान हलवली आणि मुलाकडे वळली. आई माझ्याकडे वळली. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलेलं. हळूच म्हणाली, "सात आहे. खुर्ची मांड लवकर."

मी खुर्ची मांडली. तिला बसवलं, तिच्या पाठीशी उभी राहिले, आणि ताई, मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. आईला सात दुखत होतं आणि मी मनातल्या मनात नाचत होते, कारण दोन चिमणीला मिळालं आणि सात मला. पहिल्यांदाच मी दाराच्या आत होते. एवढा हलका हात माझा कधीच नव्हता जेवढा काल तिचा खांदा धरताना होता.

आता आई समोर झोपली आहे. गोळी दिली आहे. मघाशी विचारलं तर पाच म्हणाली, आणि मी ते पाच खरं धरलं.

तू परवा फोन करशील, नेहमीसारखं विचारशील, धाकटे, तू कशी आहेस, आणि आई ऐकत असेल म्हणून मी म्हणेन, मजेत. ते धरू नकोस. जमेल तेव्हा ये, चार दिवस रजा काढून ये, मला नुसतं झोपायचं आहे आणि उठल्यावर माझ्या आधी कुणीतरी उठलेलं हवं आहे. तुझाही काय तो आकडा येताना खरा घेऊन ये.

माझा आठ आहे.

तुझीच,
धाकटी